अठरा पाने लिहूनही खेळ रंगत नाही

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागेत राहतो आणि नोकरी करतो. गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी दुपारी माझ्या घरी आम्ही पाच जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रांच्या भूमिका घेऊन, फासे टाकत गोष्ट रचण्याचा खेळ खेळतो. गेम मास्टर मी असतो, म्हणजे प्रसंग मांडतो आणि गोष्टीतली इतर माणसे चालवतो; बाकीचे चौघे एकेका पात्राचे खेळाडू. आमची गोष्ट कृष्णाकाठच्या एका काल्पनिक संस्थानात घडते. संस्थानाचा खजिना चोरीला गेला आहे आणि त्याचा माग गडावरच्या देवळात दडवलेल्या एका पत्रातून लागणार होता. त्यासाठी शनिवारचा अख्खा दिवस घालवून मी अठरा पाने लिहिली. खेळाडू मात्र गडाकडे फिरकलेच नाहीत. बाजारपेठेतून रात्री जाणाऱ्या हळदीच्या गाड्यांमागे लागले. गाड्यांत काहीच नाही असे सांगून मी त्यांना गडाकडे वळवले, तेव्हा सगळे हिरमुसले. नंतर आठ चोरांशी झालेली लढाई दोन तास चालली. एक मित्र सतत बोलतो, मिरजेहून येणारी मैत्रीण जवळजवळ गप्प असते. त्याआधीच्या रविवारी मी गावात पूर आणला, तर एक मित्र मध्येच उठून गॅलरीत जाऊन बसला. मला हे काम जमत नाही असे वाटते. थांबावे का? आणि नियम मराठीत लिहून मित्रांना वाटले तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. चार खेळाडूंनी कोणी न सांगता एका गोष्टीत रस घेतला, आपसांत ठरवले आणि रात्रीच्या अंधारात गाड्यांचा पाठलाग सुरू केला. गेम मास्टरला याहून अधिक काय हवे असते? त्या क्षणी खेळ उत्तम चालला होता. तो बिघडला गाड्या रिकाम्या निघाल्यावर, कारण आपण काहीही ठरवले तरी शेवटी गडावरच जावे लागणार, हे खेळाडूंना त्या एका उत्तरातून कळले. एकदा हे कळले की माणसे मनापासून ठरवणे सोडून देतात आणि गेम मास्टरच्या मनात काय आहे याचा अंदाज घेत बसतात.

या खेळाचा जन्मच अशा एका ‘फसलेल्या’ बैठकीतून झाला, हे तुम्हाला ठाऊक असावे म्हणून सांगतो. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेसेली याने नेपोलियनच्या काळातल्या ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या काल्पनिक जर्मन गावावर एक युद्धखेळ मांडला. नेहमीप्रमाणे फौजा वाटून देण्याऐवजी त्याने काही खेळाडूंना गावातल्या एकेका माणसाची भूमिका आणि त्याचा स्वतःचा हेतू दिला. खेळाडू ठरलेली लढाई सोडून आपसांत कारस्थाने करू लागले, दोघांनी तर परस्पर द्वंद्वयुद्ध ठरवले, आणि वेसेलीला त्याचा निकाल जागच्या जागी लावावा लागला. सगळा गोंधळ झाला, खेळ फसला, अशी त्याची समजूत झाली. पण मंडळी पुढचा खेळ कधी म्हणून त्याच्या मागे लागली. त्याच मंडळीतल्या डेव्ह आर्नसनने ही पद्धत पुढे नेली, आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्सबरोबर त्याने जो खेळ प्रसिद्ध केला तोच तुम्ही रविवारी खेळता. तेव्हा थांबण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुम्हाला बदलायची आहे ती तयारीची पद्धत.

तुमच्या अठरा पानांत खेळाडू काय करतील हे लिहिलेले आहे. ते गडावर जातील, पुजाऱ्याशी बोलतील, पत्र शोधतील, चोरांना गाठतील. जी गोष्ट चार माणसे रविवारी दुपारी ठरवणार आहेत ती तुम्ही शनिवारी एकट्याने ठरवता, म्हणून ती पाने वाया जातात. त्याऐवजी बाकीची माणसे काय करत आहेत ते लिहा. खजिना कोणी चोरला? समजा, कर्जात बुडालेल्या खजिनदाराने. त्याला काय हवे आहे? पौर्णिमेच्या आत ऐवज नदीपार पोहोचवून सावकाराचे तोंड बंद करायचे आहे. त्याला मदत कोणाची? हळदीच्या एका व्यापाऱ्याची, ज्याला आतून भीती वाटू लागली आहे. किल्लेदाराला यातले काही माहीत नाही, पण आळ आपल्यावर येणार हे त्याने ओळखले आहे, त्यामुळे तो कोणा गरिबाला पकडून गुन्हा त्याच्या गळ्यात बांधण्याच्या विचारात आहे. आता कोणीच मध्ये पडले नाही तर काय होईल ते दिवसवार लिहा : पहिल्या रात्री ऐवज गाड्यांतून हलतो, दुसऱ्या दिवशी एका निरपराध हमालाला चावडीवर आणतात, तिसऱ्या दिवशी घाबरलेला व्यापारी पळून जायच्या तयारीला लागतो, चौथ्या रात्री नाव सुटते. हे सगळे फुलस्केपच्या एका पानात बसते. खेळाडू गडावर गेले, बाजारात गेले, थेट सावकाराच्या वाड्यात शिरले किंवा दोन दिवस नुसते झोपून राहिले, तरी पुढे काय घडेल हे तुम्हाला सांगता येते, कारण प्रत्येक माणसाला काय हवे आहे ते तुम्हाला माहीत आहे.

ऐन वेळी बोलायला सुचणार नाही, ही भीती बहुतेक नव्या गेम मास्टरांना असते. सांगलीच्या माणसाने तरी ती बाळगू नये. १८४३ मध्ये तुमच्याच गावी विष्णुदास भावे यांनी राजाश्रयाने नाटक उभे केले, तेव्हा पात्रांच्या तोंडी पाठ केलेली भाषणे नव्हती. सूत्रधार पद्ये गात असे आणि पात्रे प्रसंगाला साजेसे गद्य स्वतःच्या शब्दांत तिथल्या तिथे बोलत असत. त्यांना ते जमत असे, कारण आपण कोण आहोत, समोर कोण उभा आहे आणि आपला हेतू काय, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तुमच्या खजिनदाराचेही तसेच आहे. त्याची वाक्ये लिहू नका. त्याची अडचण लिहा, आणि बोलण्याची एखादी लकब ठरवून ठेवा. जोडीला वीस-पंचवीस नावांची यादी मात्र अवश्य जवळ ठेवा. वाटेत भेटलेल्या नावाड्याचे नाव खेळाडूंनी विचारले आणि गेम मास्टर अडखळला की रंगलेला प्रसंग उगाच थांबतो.

आता देवळातल्या पत्राविषयी. ज्या माहितीवाचून गोष्टीचे घोडे अडते, ती एकाच जागी ठेवणे धोक्याचे आहे. खेळाडू तिथे गेले नाहीत, गेले पण शोधले नाही, शोधले पण फासा वाईट पडला, यांतले काहीही झाले तरी सगळे ठप्प. तेव्हा आधी निष्कर्ष लिहा, उदाहरणार्थ ‘ऐवज हरिपूरच्या एका पेवात (हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारात) आहे’, आणि त्याच्याकडे नेणाऱ्या निदान तीन वेगवेगळ्या खुणा तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. खजिन्यावरच्या पहारेकऱ्याच्या वहाणांच्या शिवणीत हळद अडकली आहे. एका हमालाला रात्रीच्या कामाचे दुप्पट पैसे मिळाले आणि तो ते गुत्त्यात उडवतो आहे. नवी हळद भरायचा हंगाम नसताना एका पेवाचे तोंड ताज्या मातीने लिंपलेले आहे. यांतली एक खूण नजरेतून सुटेल, दुसरीचा अर्थ चुकीचा लावला जाईल, पण तिसरी बहुधा हाती लागेल. तुमच्या खेळाडूंनी हळदीच्या गाड्या पकडल्या तेव्हा तुमच्या हाती आयती चौथी खूण आली होती. ऐवज त्याच गाड्यांत आहे असे तुम्ही जागच्या जागी ठरवले असते, तर त्यात काडीचीही फसवणूक नव्हती. जे अजून खेळात कोणी पाहिलेले नाही ते बदलण्याचा गेम मास्टरला पूर्ण अधिकार आहे. जे सांगून झाले ते मात्र बदलू नये.

पेवाचा उल्लेख आला आहे तर तिथे थोडे थांबतो, कारण या खेळासाठी इतकी अस्सल जागा हाताशी असताना परदेशी भुयारांची वर्णने वाचत बसण्याचे कारण नाही. वर माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड, आत रुंद होत गेलेले पोट, तोंडावर फरशी आणि तिच्या सांध्यांवर माती. बंद पेवात हवा कोंडून विषारी होते, म्हणून जाणते लोक पेव उघडून काही तास तसेच ठेवतात आणि आधी आत कंदील सोडून पाहतात. हा प्रसंग टेबलावर असा मांडा : “तुम्ही फरशी सरकवता. खालून ऊब आणि हळदीचा उग्र वास वर येतो. हमाल दोरीला कंदील बांधून आत सोडतो. कंदील दोन माणसांच्या उंचीइतका खाली गेल्यावर ज्योत बारीक होते आणि विझते. नदीकडून मशाली येताना दिसत आहेत. त्यांना इथे यायला फार वेळ लागणार नाही. तुम्ही काय करता?” इथे धोका ओळखण्यासाठी कोणाला फासा टाकायला लावू नका. विझलेला कंदील सर्वांना दिसला आहे. धोका उघड आहे, वेळ थोडा आहे आणि निर्णय त्यांचा आहे. कोणी श्वास कोंडून उतरेल, कोणी घोंगडीने वारा घालून हवा खेळवायचा प्रयत्न करेल, कोणी मशाली घेऊन येणाऱ्यांशी बोलणी करायला पुढे जाईल. माहिती लपवून खेळाडूंना चकित करता येते, पण माहिती हातात देऊन त्यांना पेचात टाकले की खेळ कितीतरी अधिक रंगतो, असे माझे ठाम मत आहे.

यावरून फाशांकडे वळू. फासा तेव्हाच टाकायला सांगा, जेव्हा यश आणि अपयश या दोन्हींतून पुढे काहीतरी घडणार असेल. शिवाय आकडेमोड एकदा कागदावर करून पाहा, कारण अनेक बैठका नकळत तिथे बिघडतात. समजा, चौघांना पहाऱ्यातून लपत जायचे आहे, काठिण्यांक, म्हणजे यशासाठी गाठायचा आकडा, १५ आहे आणि प्रत्येकाला फाशात मिळवायला ३ चा बोनस आहे. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा अधिक पडायला हवे, आणि त्याची शक्यता ४५ टक्के आहे. चौघांनीही स्वतंत्रपणे यशस्वी व्हावे अशी अट तुम्ही घातलीत, तर सगळे सुखरूप जाण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के उरते. तुम्ही नकळत ते अशक्यच करून ठेवता. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत यासाठी सामूहिक फाशाचा नियम आहे, ज्यात निम्म्या जणांना जमले तर सगळ्यांना जमले असे धरतात. तो वापरला की हीच शक्यता ६१ टक्क्यांच्या आसपास येते. याच्या उलट, दडवलेली वस्तू शोधायला चौघांनी एकामागून एक फासा टाकला तर कोणाला तरी ती सापडण्याची शक्यता ९१ टक्के होते, म्हणजे १५ हा आकडा तिथे नावापुरताच राहतो. थोडक्यात हुकलेल्या फाशाला सरळ ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘जमले, पण किंमत द्यावी लागली’ असेही म्हणता येते. २०१० मध्ये आलेल्या मेग्वी आणि व्हिन्सेंट बेकर यांच्या खेळात दोन फाशांची बोनससह बेरीज ७ ते ९ आली की असाच निकाल लागतो, आणि ती सवय आपल्या खेळातही उचलण्यासारखी आहे.

दोन तासांच्या लढाईचे कारण बहुधा असे की आठही चोर शेवटच्या श्वासापर्यंत लढले. पैशांसाठी रात्रपाळी करणारा भाडोत्री माणूस असे का करील? लढाई सुरू होण्याआधीच कागदावर लिहा की हे लोक कशासाठी लढत आहेत आणि केव्हा माघार घेतील : निम्मे पडले, म्होरक्या पडला किंवा गाडी निघून गेली, की पळापळ. खेळाडूंनाही मारण्यापलीकडचे काही उद्दिष्ट द्या. गाडी नदीपर्यंत पोहोचू न देणे हे उद्दिष्ट असेल तर प्रत्येक फेरीला अर्थ येतो आणि शेवट आपोआप ठरतो. निकाल स्पष्ट झाला की उरलेले फासे टाकत बसू नका, दोन वाक्यांत प्रसंग मिटवा. आणि एकाची पाळी चालू असताना “यानंतर तुझी पाळी” असे पुढच्याला आधीच सांगा. एवढ्यानेही बराच वेळ वाचतो.

सतत बोलणाऱ्या मित्राला गप्प करायला जाऊ नका. त्याचा उत्साह तुमच्या कामाचा आहे. फक्त प्रसंगाची सूत्रे वेळेवर दुसऱ्याच्या हाती द्या. तो वाड्याच्या दाराशी पोहोचला आणि आता दार उघडणार, अशा ठिकाणी प्रसंग तोडा आणि मिरजेच्या मैत्रिणीकडे वळून विचारा : “तू मागच्या गल्लीत उभी आहेस. वरच्या खिडकीतला दिवा आत्ताच मालवला गेला. तू हाक मारतेस, की भिंत चढतेस?” “तुला काही करायचे आहे का?” या प्रश्नाला अबोल माणूस बहुतेक वेळा “नाही, चालू द्या” असेच उत्तर देतो, कारण प्रश्न फार मोकळा असतो. ठोस जागा, ठोस घटना आणि दोन-तीन वाटा समोर असल्या की बोलणे सोपे होते. तिच्या पात्राशी बांधलेला एखादा धागाही गोष्टीत आणा. चावडीवर आणलेला निरपराध हमाल तिच्या पात्राचा मामा असू शकतो. मात्र एकदा तिला बाजूला घेऊन विचारा. काही लोकांना कमी बोलून, ऐकत खेळणेच आवडते, आणि तसे असेल तर तिच्या मागे लागू नका.

पुराच्या प्रसंगाबद्दल मला अधिक गांभीर्याने लिहायचे आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत घराघरांत पाणी शिरले होते. तुमच्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कोणी त्या रात्री गच्चीवर काढलेल्या असतील, कोणाच्या घरातले माणूस किंवा गोठ्यातले जनावर गेले असेल. कोणी उठून गेले यात त्याचे काहीही चुकले नाही. पुढच्या बैठकीआधी त्या मित्राला एकट्याला गाठा. कारण विचारू नका, “यापुढे आपल्या गोष्टीत पूर येणार नाही” एवढे सांगा आणि ते पाळा. मग सर्वांनी मिळून अर्धा तास खेळाविना बसा आणि कोणते विषय आपल्या गोष्टीत अजिबात नकोत, कोणते ओझरते आले तर चालतील, हे ठरवा. नवे कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी गोष्ट, सुरू करताना अशी बैठक आधीच घ्यायची रीत आहे, पण मध्यावर घेतली तरी काही बिघडत नाही. जॉन स्टाव्रोपोलोस याने सुचवलेली एक साधी सोयही ठेवा : फुलीचे चिन्ह काढलेले एक कार्ड टेबलाच्या मधोमध ठेवायचे, कोणीही त्याला बोट लावले की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचे, आणि का म्हणून कोणी विचारायचे नाही. कार्डाला कोणी एकदाही हात लावला नाही तरी ते तिथे असल्यामुळे माणसे निर्धास्तपणे खेळतात.

शनिवारचा दिवस वाचवण्याचा उपाय रविवारीच आहे. बैठक संपताना, चहा होत असताना, खेळाडूंना विचारा : “पुढच्या वेळी तुम्ही काय करणार?” ते पेवाकडे जाऊ म्हणाले तर पेव, व्यापारी आणि नदीकाठ एवढीच तयारी करा. त्यांनी बेत ऐन वेळी बदललाच, तर तुमचे एका पानाचे टिपण आहेच. शनिवारी दीड-दोन तासांहून अधिक वेळ लागू लागला, तर तुम्ही पुन्हा खेळाडूंच्या वाटणीचे निर्णय लिहू लागला आहात असे समजा आणि पेन खाली ठेवा. जुनी अठरा पाने फाडू नका. त्यांतली माणसे, जागा आणि नावे काढून घ्या. देवळातला पुजारी किल्लेदाराचा मेहुणा असेल, तर तो बाजारातही भेटू शकतो.

राहता राहिला मराठी नियमांचा प्रश्न. जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीचा ५.१ क्रमांकाचा मूलभूत नियमसंच ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुला झाला आहे. त्याचा अनुवाद करायला, तो छापून किंवा व्हॉट्सॲपवर वाटायला कोणाची परवानगी लागत नाही. मूळ संचाचे आणि परवान्याचे श्रेय दिलेल्या शब्दांत छापायचे आणि आपण अनुवाद केला आहे हे नमूद करायचे, एवढीच अट आहे. मात्र दुकानात मिळणाऱ्या पुस्तकांतला सगळा मजकूर या संचात नाही, म्हणून अनुवाद करताना पुस्तक समोर न ठेवता तो संचच ठेवा. सुरुवात फासा टाकण्याच्या आणि लढाईतल्या पाळीच्या नियमांपासून करा. तेवढे दोन पानांत बसते आणि मिरजेच्या मैत्रिणीला पुढच्या रविवारी लगेच उपयोगी पडेल.